दोन रेघा आणि नुसती वाट

रविवार, २४ ऑगस्ट २०२५. बडोद्यात सकाळपासून पाऊस लागलेला. मुलगा कार्टून बघत होता, नवरा अंकलेश्वरहून रात्रपाळी करून येऊन झोपला होता आणि मी बाथरूममध्ये टेस्टची पट्टी हातात धरून उभी होते. दुसरी रेघ फिकी होती, पण होती. पाळी पाच दिवस चुकलेली. कंडोम फाटला तो दिवसही चांगला लक्षात होता, त्यामुळे धक्का म्हणावा असा बसला नाही. नवरा उठल्यावर पट्टी दाखवली. तो म्हणाला, "तू सांग." मी म्हटलं, "नको." आम्हाला एक मुलगा आहे, सहा वर्षांचा, आणि दुसरं नको हे आमचं कधीच ठरलेलं. पाच मिनिटांत विषय संपला.

विषय संपला, पण काम संपायला चार आठवडे लागले. त्या चार आठवड्यांत मी कामं केली थोडी आणि वाट पाहिली फार. हे लिहितेय ते त्यासाठीच. गर्भपात म्हणजे 'गोळ्या घेतल्या की होतं' एवढंच मला ठाऊक होतं. मध्ये किती दिवस नुसतं बसून राहावं लागतं, आणि त्यातले किती खरंच लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. मी समजत होते की जितक्या लवकर जाऊ तितकं बरं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी बराच वेळ पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, काही दिसत नाही. माझ्या पोटात गोळा आला. तर तसं नव्हतं. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. माझी पाळी २२ जुलैची, म्हणजे त्या दिवशी चार आठवडे सहा दिवस. पाचव्या आठवड्याच्या आसपास कुठे पिशवीत गर्भाची छोटी थैली दिसायला लागते. ती पिशवीतच आहे, नळीत नाही, हे दिसल्याशिवाय गोळ्या देणं बरोबर नाही, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटली तर जीवावर बेततं. आठ-नऊ दिवसांनी या, म्हणाले. एका बाजूला असह्य दुखलं, चक्कर आली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं, हेही सांगितलं.

ही पहिली वाट. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती शरीराची होती.

त्याच आठवड्यात गणपती. दांडिया बाजारात सासरी दीड दिवसाचा असतो. मळमळ सुरू झालेली, उकडीच्या वासानं पोट ढवळून येत होतं, तरी मी एकवीस मोदक वळले. पाळी आलेली असती तर मला सोवळ्याबाहेर बसवलं असतं. पाळी चुकलेली होती म्हणून स्वयंपाकघरात मानानं बसले. हसू आलं, पण सांगणार कुणाला.

३ सप्टेंबरला परत गेले. आता थैली दिसली, पिशवीत, जागच्या जागी. सहा आठवडे एक दिवस. मला वाटलं, झालं, आज गोळी मिळेल. काउंटरवरची बाई फाइल बंद करत म्हणाली, "हसबन्डनी सही जोईशे, बेन." नवरा अंकलेश्वरला ड्युटीवर. मी म्हटलं, फोनवर बोलून देते. नाही. शिवाय घरातलं कुणी मोठं माणूस सोबत आणा, आणि आठवडाभर विचार करा. "घरे विचारी लो." पुढच्या बुधवारची वेळ लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. मी तो घेऊन बाहेरही आले. चौतीस वर्षांची बाई, विमा ऑफिसात दुसऱ्यांचे क्लेम तपासते, अटी बारीक अक्षरात वाचते, आणि तिथे तोंडातून शब्द फुटला नाही. रिक्षात बसल्यावर राग आला. माझे राग नेहमी असे रिक्षात बसल्यावरच येतात.

पुण्याची मावसबहीण पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रात्री तिला फोन केला. ती आधी दोन मिनिटं ओरडलीच. "कोण म्हणालं सही लागते? तुझं वय काय? डोकं ठिकाणावर आहे ना? मग तुझी एकटीची सही पुरे." तिच्या ओळखीतून कारेलीबागेतल्या एका डॉक्टरबाईंचा नंबर मिळाला. शनिवारी अनंत चतुर्दशी, रविवार सुट्टी, म्हणून ८ तारखेचा सोमवार मिळाला.

या बाईंनी खुर्चीत बसवून सगळं नीट सांगितलं, अर्धं गुजरातीत, अर्धं मोडक्या मराठीत. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, २०२१ मध्ये बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. गर्भनिरोधक फसलं हे कारण कायद्यात पूर्वीपासून आहे, फक्त आधी तिथे 'विवाहित स्त्री आणि तिचा नवरा' असं लिहिलेलं होतं, आता 'स्त्री आणि तिचा जोडीदार' आहे, म्हणजे लग्न न झालेल्या मुलीलाही ते लागू होतं. अठरा वर्षांवरच्या बाईची संमती तिची एकटीची. फॉर्म सी नावाचा कागद असतो, त्यावर सही माझी. नाव रजिस्टरमध्ये जातं, पण ते बाहेर सांगणं हा गुन्हा आहे. आणि विचार करायला अमुक दिवस थांबाच, अशी सक्ती आपल्या कायद्यात कुठेही नाही. मी विचारलं, मग तिकडे का थांबवलं? त्यांनी खांदे उडवले आणि बीपीचा पट्टा माझ्या दंडाला बांधला.

म्हणजे ३ ते ८ सप्टेंबर हे पाच दिवस माणसांनी लावलेले. माझ्या बाबतीत फार बिघडलं नाही, गोळ्यांनी करायची मुदत नऊ आठवड्यांपर्यंत आहे आणि मी अजून सातच्या आत होते. पण जिला आठव्या आठवड्यात कळलं असेल तिला 'आठवडाभर विचार करा' म्हणणं म्हणजे गोळ्यांचं दार लावून घेण्यासारखंच.

पर्याय दोन होते. पिशवी व्हॅक्यूमनं रिकामी करून घ्यायची, दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. आपल्याकडे बायका सरसकट 'क्युरेटिंग' म्हणतात, पण खरवडून काढायची ती जुनी पद्धत वेगळी, असं बाईंनी आवर्जून सांगितलं. नाहीतर गोळ्या. गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणींचं पूर्ण होतं, उरलेल्यांना व्हॅक्यूम करावं लागतं. मला घरी, माझ्या बाथरूममध्ये असणं बरं वाटलं. रक्त तपासलं: हिमोग्लोबिन १०.८, चालेल म्हणाल्या. रक्तगट पॉझिटिव्ह. निगेटिव्ह असता तर अँटी-डीच्या, म्हणजे पुढच्या गर्भाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून द्यायच्या, इंजेक्शनचा विचार करावा लागला असता. मग त्यांच्यासमोरच मिफेप्रिस्टोनची एक गोळी, २०० मिलिग्रॅम, पाण्याबरोबर गिळली.

आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले, डबा खाल्ला, क्लेम तपासले. बाईंनी सांगितलं होतं की ही गोळी गर्भ टिकवणारं हार्मोन थांबवते, खरं काम दुसऱ्या गोळ्या करतात, २४ ते ४८ तासांनी. तरी दर तासाला बाथरूमला जाऊन बघत होते. मंगळवारी संध्याकाळी एक तपकिरी डाग. बस.

बुधवार, १० सप्टेंबर. नवऱ्यानं सुट्टी घेतली होती. मुलाला शाळेत सोडून आला, दुपारी आणायचंही त्याच्याकडे. मी पोटभर नाश्ता केला, दुखण्याची गोळी आधीच घेतली, आणि नऊ वाजता मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या तोंडात ठेवल्या, दोन या गालात, दोन त्या गालात. अर्धा तास तशाच ठेवायच्या, मग उरलेला चोथा पाण्यानं गिळायचा. चव खडूसारखी. बोलता येत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या प्रश्नांना मी मानेनं उत्तरं देत होते आणि तो प्रश्न विचारायचं थांबेना.

साडेदहाला थंडी वाजून आली, दात वाजायला लागले, दोनदा जुलाब. हे होणार हे ठाऊक होतं म्हणून घाबरले नाही, गोधडी घेऊन पडले. अकरानंतर कळा सुरू झाल्या. पाळीच्या दुखण्याशी तुलना करायची तर माझ्या सगळ्यात वाईट पाळीच्या तिप्पट, पण बाळंतपणाच्या कळांच्या जवळपासही नाही. येतात, वर चढतात, उतरतात. शेकायची पिशवी ओटीपोटावर. बाराच्या सुमारास अंगावर जायला लागलं आणि एकपासून गाठी. लिंबाएवढ्या. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पॅड बदलल्याच्या वेळा लिहीत होते: १२.१०, १.०५, १.४०, २.१०. शेवटचे दोन फार जवळ आले म्हणून फोन लावला. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पॅड पूर्ण भिजतोय की नुसता भरलेला दिसतोय म्हणून बदलतेस?" खरं सांगायचं तर दुसरं. सलग दोन तास, दर तासाला दोन-दोन पॅड चिंब भिजले, तर लगेच या, म्हणाल्या. नाहीतर पडून राहा, पाणी पी. अडीचच्या आसपास एक मोठी कळ आली, काहीतरी सटकन गेलं, आणि त्यानंतर दुखणं असं उतरलं की मला बाथरूममध्येच झोप यायला लागली. मी वाकून बघितलं नाही. बघणाऱ्या बघतात, नाही बघितलं तरी चालतं.

रात्री नवऱ्यानं मऊ खिचडी केली, वर भरपूर तूप, आणि आशिया कपची मॅच लावली. समोरचा यूएईचा संघ ५७ धावांत गारद, आपल्यांनी पाच षटकांच्या आत जिंकली. माझ्या कळासुद्धा त्यापेक्षा जास्त चालल्या होत्या. हे मी मोठ्यानं म्हटलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी, शुक्रवारी ऑफिस. आईला फोनवर 'पाळीचा त्रास' एवढंच सांगितलं. तिनं हिंग लावायला सांगितलं. अंगावर जाणं आधी पाळीसारखं, मग कमी, एखाद दिवस थांबून पुन्हा थोडं, असं बारा दिवस. ताप नाही, घाण वास नाही. या दोन गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, कारण ताप दुसऱ्या दिवशीही राहिला तर ती गोळ्यांची थंडी नसते, मग दाखवायलाच हवं.

मात्र एक मूर्खपणा मी केला. १९ तारखेला, कुणी सांगितलेलं नसताना, उरलेली टेस्टची पट्टी वापरली. दोन ठसठशीत रेघा. पहिल्या दिवसापेक्षा गडद. त्या रात्री मी झोपले नाही. नऊ आठवडे पूर्ण व्हायला चारच दिवस, मग काय, पुन्हा सही, पुन्हा काउंटर, असं सगळं डोक्यात. सकाळी बाईंना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "ती पट्टी फेकून दे. हार्मोन रक्तातून हळूहळू उतरतं, तीन-चार आठवडे टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. मळमळ आहे का?" मी आठवून पाहिलं. मळमळ कधी गेली ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शनिवारपासून मी सकाळचा चहा पीत होते.

पंधराव्या दिवशीची तपासणी २२ सप्टेंबरला, नेमकी घटस्थापना. बडोद्यात नवरात्र म्हणजे शहराचं चित्त थाऱ्यावर नसतं. वेटिंगमधल्या दोन मुली चनिया-चोळीच्या ब्लाउजचे फोटो एकमेकींना दाखवत होत्या. माझा नंबर सव्वा तासानं लागला. सोनोग्राफी दोन मिनिटांची. पिशवी रिकामी. मी छताकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी येऊन कानात गेलं. वाईट वाटलं म्हणून की सुटले म्हणून, मला आजही सांगता येणार नाही, आणि बाईंनी विचारलंही नाही, टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मग म्हणाल्या, पुढची पाळी चार ते सहा आठवड्यांत येईल, पण दिवस त्याआधीही राहू शकतात, दोन आठवड्यांच्या आतसुद्धा. त्यामुळे काळजी आजपासूनच घ्यायची. तांबी बसवायचं ठरलं, पाळीच्या पहिल्या बारा दिवसांत.

पाळी आली १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या संध्याकाळी, मी चकलीचा सोऱ्या धूत असताना. हात पुसून लगेच डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडून तिथली ओळखीची रिसेप्शनिस्ट.

"मॅडम उद्या गावाला जाणार, बेन. लाभपाचम पछी आवजो."

मी कॅलेंडर उलटलं. लाभपंचमी २६ ला, रविवार. म्हणजे २७ तारखेला, पाळीच्या अकराव्या दिवशी. बसत होतं. नाव लिहून घ्या म्हटलं आणि राहिलेलं पीठ सोऱ्यात भरलं.