लोव्हॅटचा सरदार आणि आमचा बांध

बांधावरचा आंबा परवा रातोरात तुटला. चुलत्यांशी बोलणं बंदच, म्हणून अण्णा कट्ट्यावर तंबाखू मळत म्हणाले, "भाऊबंदकी आपल्या साताऱ्यातच."

मग मी त्यांना सायमन फ्रेझर सांगितला. स्कॉटलंडचा. १६९६ साली त्याचा भाऊबंद, लोव्हॅट जहागिरीचा नववा लॉर्ड, वारला, मागं मुलीच. गादीसाठी यानं पुढच्याच वर्षी त्याच्या विधवेशी जबरदस्तीनं लग्न लावलं! (आमचे चुलते त्यामानानं देवमाणूस.) कोर्टकचेऱ्या करून १७३० मध्ये किताब मिळवला. म्हातारपणी राजाविरुद्धच्या बंडात पडला, पोरालाही ढकललं. १७४७ मध्ये लंडनला मुंडकं उडालं, जमीन जप्त. पोराला ती परत मिळाली थेट १७७४ मध्ये.

अण्णांनी चिमूट ओठात धरली. "सत्तावीस वर्षं? आपला दावा एकोणीसच झालाय."