पट्टी बुवांची नव्हे, कोरसची

सिंधुदुर्गात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकत वाढलेल्या पोरांना पट्टी (पेटीवर जिथे सा धरतात तो सूर) म्हटली की काळी 4, म्हणजे चौथी काळी, आठवते. बारीतले बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, त्या पट्टीत तासन्‌तास गातात, कारण त्यांचा आणि मागून ओळ उचलणाऱ्या त्यांच्या कोरसचा गळा वर्षभर त्यातच फिरत असतो. वाडीच्या भजनी मंडळात मात्र दिवसभर होडीवर, बागेत नाहीतर बँकेत असलेली 12-15 माणसं रात्री जेवून येतात. त्यांनी यूट्यूबवरचा गजर (जलद लयीतला नामघोष) आहे त्या पट्टीत उचलला की पहिली ओळ झकास जाते. अंतरा चढला की मागून नुसते टाळ ऐकू येतात.

म्हणून गणपतीतल्या घरोघरच्या भजनाच्या तालमी सुरू करताना आधी पट्टी ठरवायची, चाली मागाहून. सगळ्यांना एकदम ‘आ’ लावायला सांगून पेटीवर एकेक सूर चढत जायचं. निम्मे गळे आवळले की थांबायचं. त्याच्या लगेच खालचा सूर तो मंडळाचा तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग. तिथून काळ्या-पांढऱ्या मिळून 16 पट्ट्या खाली मोजल्या की षड्ज, म्हणजे सा, सापडतो. पुरुषांच्या मंडळात तो बहुधा पांढरी 2 ते काळी 2 च्या आसपास येतो, बायकांच्या मंडळात पांढरी 5 ते पांढरी 6. चाल तार मध्यमाला (वरच्या म ला) जात असेल तर आणखी एक पट्टी खाली. बुवांना हे फार खाली वाटतं. वाटू दे. त्यांना वर जायला आलाप मोकळा आहे, ओळ उचलायची आहे ती मागच्यांना.

बायका-पुरुष एकत्र असतील तर मधली पट्टी शोधत बसू नये, दोघांचेही हाल होतात. अभंग वाटून घ्यावेत. पुरुषांचे पांढरी 2 मध्ये, बायकांचे पांढरी 5 मध्ये. पांढरी 2 हा पांढरी 5 चा पंचमच (प), त्यामुळे पखवाज पुन्हा लावावा लागत नाही.

चालीत सगळ्यात जास्त घसरतं ते चौथ्या चरणाला. मोठ्या अभंगाची अक्षरं 6-6-6-4. शेवटच्या चरणात चारच अक्षरं, पण ठेका तेवढाच चालायचा. नवा कोरस ती चार अक्षरं उरकून मोकळा होतो आणि पुढच्या ओळीवर आधीच उडी मारतो. मग पखवाजवाला त्याला गाठायला लय वाढवतो, टाळ त्याच्यामागे धावतात, आणि गजर यायच्या आधीच सगळे गजराच्या लयीत. शेवटचं अक्षर कुठवर ओढायचं ते टाळ खाली ठेवून, नुसत्या हाताच्या टाळीवर घोटून घ्यावं. टाळ हातात असले की चूक झाकली जाते.

टाळ तसेही 4-5 जोड्या पुरे. कौलारू घराच्या माजघरात 12 जोड्या वाजल्या की शब्द बुडतात, कोरस ओरडतो आणि दुसऱ्या घरात गळा बसतो. दोन्ही टाळ सपाट आपटायचे नाहीत. मध्ये हवा कोंडते आणि ‘थप्’ असा मुका आवाज येतो. कडेला जराशी तिरकी गाठ पडली की नाद सुटतो.

आता पखवाज. आपल्याकडे भजनाचा हंगाम ऐन पावसात, आणि कातड्याचा पावसाशी उभा दावा. दमट हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो. घरी लावलेला पखवाज पुढच्या वाडीत तसाच वाजेल ही आशा सोडावी. पोचल्यावर 10 मिनिटं नुसता ठेवावा, मग लावावा. फार उतरला असेल तर वादीखालचे (ताणलेल्या कातडी पट्ट्यांखालचे) लाकडी गठ्ठे शाईच्या, म्हणजे उजव्या, तोंडापासून दूर सरकवायचे. थोडका फरक असेल तर गजऱ्यावर (तोंडाच्या कडेच्या कातडी गोफावर) वरून हलकी हातोडी पुरते. चुलीवर शेकायचा मोह सगळ्यांना होतो. सूर चढतोही, पण शाई तडकते आणि पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदलायचा खर्च येतो. पिवळा बल्ब हातभर अंतरावर लावून ठेवणं बरं. वाटेत आत सुती खोळ, वर प्लास्टिक. नुसतं प्लास्टिक गुंडाळलं तर आतल्या आत घाम धरतो.

डाव्या तोंडाला गव्हाचीच कणीक. घरात तांदळाचं पीठ ढीगभर असलं तरी ते चालत नाही, त्याला चिकटा नाही, दोन थापांत भेगा पडतात. पोळीच्या उंड्याहून थोडा लहान गोळा घ्यावा, पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल मळलेला. तो मधोमध पसरून कडा बोटाने पातळ करत न्याव्यात. गोळा मोठा तेवढा आवाज खोल. शाईच्या तोंडाचा जो सूर त्याचाच खर्ज (खालच्या सप्तकातला तोच सूर) डावीकडे मिळाला की थांबायचं. तासाभराने कणीक सुकून सूर चढू लागतो, तेव्हा पाण्याचं बोट फिरवावं. घरी आल्यावर खरवडून, ओल्या फडक्याने पुसून टाकावी. एक रात्र राहिली की बुरशी, नाहीतर उंदीर.

पेटीचं मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत वेगळंच दुखणं. लाकूड फुगतं, स्प्रिंगा गंजतात, दाबलेली पट्टी वर येत नाही आणि सूर बोंबलत राहतो. तेल अजिबात सोडू नये, त्यावर धूळ बसून आणखी घट्ट होतं. रोज 15 मिनिटं भाता हलता ठेवावा आणि पेटी जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावी.

चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दिवशी उतरतात आणि गेल्या वर्षीच्या चाली घेऊन बसतात. त्यांना तालीम नाही, पण उत्साह दांडगा. गजर म्हणूनच गेल्या वर्षीचे ठेवावेत, नव्या चाली बुवांच्या एकट्याच्या अभंगांना. शब्दांची वही एकच. प्रत्येकाच्या पोथीत पाठ वेगळा असतो आणि भांडण नेमकं आरतीच्या तोंडावर निघतं.

एका रात्रीत 8-10 घरं होतात. चढे अभंग पहिल्या तीन घरांत उरकावेत. काळ्या वाटाण्याची उसळ कुठेही खावी, भजी मात्र शेवटच्या घरी. पाचव्या घरापासून पट्टी एका सुराने उतरवावी. पेटीवाल्याने बोट सरकवलं की झालं, पखवाज तोवर पावसात तेवढा उतरलेलाच असतो.