उजनीत काय ताक भरलंय?

पाटणच्या आमच्या जुन्या घरात आजीनं आढ्याला दोरीनं एक उलथनं टांगलं होतं. खिडकीची तावदानं वाजली की आधी त्याच्याकडं बघायचं. उलथनं हललं तर धक्का, नाहीतर एसटी गेली. मला हसू यायचं. पुढं बी.एस्सी.ला भूकंपमापकाची आकृती काढताना बघतो, तर त्यातही लोंबतं वजनच.

11 डिसेंबर 1967 ची पहाट. 6.3 तीव्रतेचा भूकंप, कोयनानगर जमीनदोस्त. हे आकडे माझे, वाचलेले. आजीकडं फक्त आवाज होता. "आदी गुरगुरलं, मग हललं," म्हणायची. घाबरलेल्या माणसाची आठवण, म्हणून मी ते सोडून दिलेलं. पण खडकातून येणारी पहिली लाट वेगवान असते, ती हवेत शिरली की गुरगुर ऐकू येते. घरं पाडणारी लाट मागून पोचते. म्हणजे म्हातारीच्या कानांनी क्रम अचूक टिपला होता.

कारणावरून मात्र आमचं वाजायचं. ती म्हणे, नदी अडवली म्हणून देवी कोपली. मी म्हणे, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी खालच्या भेगांत शिरलं, त्याच्या दाबानं एकमेकींना धरून बसलेल्या कडा सैल झाल्या, आणि आधीपासून साठलेला ताण सुटला. (आरोपी दोघांचाही एकच, हे फार उशिरा लक्षात आलं.) एकदा सगळं ऐकून घेतलं तिनं, शेंगा फोडता फोडता, आणि विचारलं, "मग उजनीत काय ताक भरलंय?"

मला उत्तर आलं नाही. धरणं तर शेकड्यांनी आहेत. हादरे इथंच इतकी वर्षं, एवढ्याशा पट्ट्यात का, यावर संशोधकही अजून डोकं खपवतायत. कोयनेजवळच्या गोठण्याला त्यासाठी 3 किलोमीटर खोल भोक पाडलं. तिथं साधारण 1,250 मीटर काळा पत्थर, त्याखाली थेट ग्रॅनाइट. बरेचसे धक्के त्याच्याही खालून येतात.

आजी तेव्हा नव्हती. असती तर तिनं एवढंच विचारलं असतं, खाली कान लावला की गुरगुर ऐकू येती का रं?