जळक्या चौकीतला रांजण

सोलच्या पूर्वेला, हान नदीवर नजर ठेवणाऱ्या अछासान डोंगरावर गोगुर्यो राज्याच्या चौक्यांची रांग आहे. गोगुर्यो, बैकजे आणि सिल्ला ही प्राचीन कोरियातली तीन प्रतिस्पर्धी राज्यं. तिथल्या खापरांची वर्गवारी करताना एका रांजणाने आम्हाला थबकवलं. ‘सिल्ला’ अशी चिठ्ठी लावलेल्या ट्रेमधला एक राखाडी तुकडा पलीकडच्या तपकिरी गोगुर्यो तुकड्याला काठोकाठ जुळला. म्हणजे दोन्ही एकाच भांड्याचे.

चौकी जळते तेव्हा फुटलेली खापरं पुन्हा भाजली जातात. ज्याला हवा मिळते ते तांबूस होतं, राखेखाली गाडलं गेलेलं काळपट राखाडी. त्यामुळे रंगावरून राज्य ठरवणं धोक्याचं. त्याऐवजी ताजी तुटलेली कड भिंगाखाली धरावी. गोगुर्योच्या साठवणीच्या भांड्यांची माती गाळीव आणि भाजणी मंद असते, टिचकी मारली की आवाज बद्द येतो. सिल्लाचं राखाडी भांडं हजार अंशांच्या वर भाजलेलं असतं, ते खणखणतं. धुताना मऊ ब्रशच वापरायचा, नाहीतर पृष्ठभागाची घोटाई निघून जाते. पण आजच्या सोलच्या जागी हानसोंग ही बैकजेची राजधानी होती, तेव्हा बैकजेचे कुंभारही काळी घोटीव भांडी करत, म्हणून घोटाईवरच थांबूनही चालत नाही. सपाट बूड, बाहेर वळलेला काठ आणि आडवे पट्टीचे कान असं सगळं एकत्र दिसलं, तरच खात्री.

ही ओळख पटायला पुरातत्त्वालाही वेळ लागला. 1977 मध्ये खोदलेली सोलमधल्या कुई-दोंगची जागा आधी बैकजेची कबर मानली गेली. 1988 मध्ये मोंगछोन या बैकजेच्याच तटबंदीत चार कानांचा रुंद तोंडाचा गोगुर्यो रांजण सापडला, आणि मग कुई-दोंगचीही फेरतपासणी होऊन ती गोगुर्योची चौकी ठरली.

तरी भांडं सापडलं म्हणजे मुलूख जिंकला असं होत नाही. 1946 मध्ये ग्योंगजूच्या सिल्ला कबरीत गोगुर्योच्या ग्वांगगेतो राजाचं नाव कोरलेलं, 415 सालचं कांस्यपात्र मिळालं. असं पात्र नजराणा म्हणूनही येऊ शकतं. धान्याचा जड रांजण मात्र नजराण्यात कोणी डोंगरमाथ्यावर चढवत नाही. अछासानच्या चौक्यांत भिंतीलगत एका धूरनळीचे ओंडोल, म्हणजे धुराच्या उष्णतेने खोली उबदार ठेवायची सोय आहे, वाफेवर शिजवायची भोकांची भांडी आहेत. तिथे माणसं मुक्कामाला होती. अछासानच्या चौथ्या चौकीतल्या एका थाळीवर तर ‘ह्योंग’ हा गोगुर्योचा हुद्दा कोरलेला आहे.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो याच डोंगररांगेतल्या होंगन्योनबोंगच्या दुसऱ्या चौकीतला, साठ वर्षांच्या चक्रातल्या ‘ग्योंगजा’ या वर्षाचा लेख. तो 520 चा मानतात. हानसोंग 475 मध्ये गोगुर्योच्या हाती पडलं, आणि बैकजे-सिल्लाने हे खोरं परत घेतलं ते 551 मध्ये. ‘सामगुक सागी’ या कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथात मात्र 523 मध्ये बैकजेचा मुर्योंग राजा हानसोंगला गेल्याची नोंद आहे, म्हणून मधल्या काळात खोरं कोणाचं होतं यावर वाद चालतो. अशा वेळी तीन वर्षं आधीचा, चौकीच्या आतल्या भांड्यावरचा हा लेख मी गोगुर्योच्या बाजूने जास्त धरतो. चौकी ओस पडल्यावर सिल्लाचे लोकही इथे आले, त्यांची आखूड पायाची थाळी वरच्या थरात मिळते. म्हणूनच पिशवीवर थराचा क्रमांक नसेल, तर त्या रांजणाचे तुकडे जुळूनही निम्मा पुरावा वाया जातो.