पट्टा पडेपर्यंत

१८ जानेवारी, रात्री

दाजींचा फोन आलता. पहिलंच वाक्य, “त्याचा मोबाईल घे आन दगडानं फोड.” मागून अक्काचा आवाज, “फोडा, आन मग मी लेकराशी बोलू कसं?” मग तिकडं दोघांचंच सुरू झालं, इकडं मला सगळं ऐकू यायलंय हे ध्यानात नाही, आणि ज्याच्यावरून भांडण चाललंय तो त्यांचा पोरगा सोन्या माझ्यासमोर भाकरी मोडत बसलेला, मान खाली.

झालं काय, तर शाळेतून निरोप आला. नववीला आहे, पहिल्याच तासाला बेंचवर झोपतो, गणिताच्या घटक चाचणीत उडाला. सर म्हणले मोबाईलचं व्यसन लागलंय. शेजारच्या काकू पण तेच म्हणल्या, दाजींनी तर तिकडं उसाच्या फडात बसून निकालच दिला. मला नाही असं लगेच चिकटवून टाकायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला गेमिंगचा आजार यादीत घेतला, २०२२ पासून ती यादी लागू पण झाली, पण त्यात लिहिलंय की ताबा सुटलेला पाहिजे, बाकी सगळ्याच्या वर गेम गेलेली पाहिजे, नुकसान दिसत असून थांबता येत नाही असं पाहिजे, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं पाहिजे. आमचं पोरगं दिवाळीच्या आधी नऊ वाजता घोरत होतं. मग दिवाळीनंतर काय बदललं? दिवाळीनंतर अक्का-दाजी ऊस तोडायला गेले कोल्हापूरकडं, आणि हा माझ्याकडं आला अंबाजोगाईला. एवढंच बदललं.

अक्काचं तिकडचं टाईमटेबल मला पाठ झालंय. पहाटं अंधारात फडात, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी कधी येईल त्याचा काही नेम नाही, रात्री अकराला आली तर अकराला भरायची. कोपीवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, लाईट नाही, फोन कुठल्यातरी हॉटेलात नाहीतर ट्रॅक्टरवर चार्ज करून आणायचा. म्हणजे मम्मीचा फोन कधी साडेनवाला येणार, कधी बाराला, कधी येणारच नाही. आणि हा वाट बघणार. आता हातात फोन घेऊन वाट बघणारं चौदा वर्षाचं पोरगं निस्तं भिंतीकडं बघत बसंल का? एक मॅच, मग रील, मग आणखी एक मॅच. सगळंच काही आईच्या आठवणीनं चाललंय असं मी म्हणत नाही हां, गेमचा नाद आहेच त्याला, रविवारी दुपारभर हलत नाही जागचा, मी ओरडते पण. पण रात्रीच्या जागरणाची सुरुवात गेमपासून झालेली नाही.

पहिलं कसं होतं आठवतं का कुणाला, २०१६ ला जिओ यायच्या आधी? टोळीत एखाद-दुसरा साधा फोन, मुकादमाकडं बॅलन्स असला तर दोन मिनिटं, ते पण “जेवलास का, शाळेत जा” एवढंच. आता व्हिडिओ कॉलवर अक्का ह्याची नखं वाढलेली बघती. तो फोन काढून घ्या म्हणणं सोपं आहे, पण त्याच फोनमधी आई आहे ना.

काकूंचं म्हणणं, गावोगावी भोंगा लावायला पाहिजे. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ ला केलं तसं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. आपल्याकडं उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं पण असलं केलेलं. चांगलंच आहे, नावं ठेवत नाही मी. पण भोंगा वाजल्यावर लेकरापाशी बसायला कुणीतरी घरी असावं लागतं. आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर जानेवारीत जाऊन बघा, म्हातारी माणसं आन लेकरं. भोंगा वाजवायचा कुणासाठी? बंदीचं पण तेच. सरकारनं २०२० ला पब्जी बंद केली, पुढच्या वर्षी बीजीएमआय नावानं आली, पोरं तिथंच.

काल माझ्या आधार अपडेटच्या दुकानात सर्वर डाऊन होतं, लोकं खोळंबलेली, मी वाचत बसले. स्वीडनमधी स्टॅटिन आणि केर म्हणून दोघांनी चौदा वर्षाच्या पोरांवर अभ्यास केलेला, २००० साली छापून आलेला. तोपर्यंत सगळ्यांचा समज असा की ज्या आईबापाला पोरांचं सगळं माहीत असतं ते नीट पाळत ठेवत असतील. तर ह्यांना दिसलं की माहीत असायचं मोठं कारण पाळत नाहीच, पोरांनी आपणहून सांगितलेलं असतं. इंटरनेटच्या नादावर नंतर जे अभ्यास झाले त्यातही आईबापाशी जवळीक असली की नाद कमी असं बऱ्याचदा दिसतं, पण त्यातले पुष्कळ अभ्यास एकदाच प्रश्नावली भरून घेऊन केलेले, त्यामुळं जवळीक कमी म्हणून फोन वाढला का फोनमुळं भांडणं होऊन जवळीक कमी झाली हे त्यावरून सांगता येत नाही. मला तर दोन्ही खरं वाटतं, आमच्या घरात तरी.

मी त्याचा फोन चेक केला असता तर काय सापडलं असतं? गेम, रील, दोन-चार मित्रांचे ग्रुप. जे खरं होतं ते त्यानं परवा सांगितलं, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, मी विचारलेलं पण नव्हतं. दाजींनी रील टाकलेली, अक्का डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायलीय, खाली गाणं लावलेलं. लई व्ह्यू गेले तिला. आणि खाली कमेंटा. काय काय लिहिलंय बाप्पा, मी इथं लिहीत नाही. वर्गातल्या एकानं ती रील ग्रुपवर टाकली. तर ह्या पोरानं दुसऱ्या नावानं आयडी काढली आणि एकेकाला उत्तरं देत बसायचा, दोन-दोन वाजेपर्यंत. शिव्या पण दिल्यात, लपवलं नाही त्यानं. म्हणला, “मावशी, ती थांबतच नाहीत गं, एक झालं की दुसरा येतोय.”

काय बोलावं सुचलं नाही, शेंगांचं टोपलं त्याच्याकडं सरकवलं.

नंतर आम्ही ठरवलं ते असं. रात्री फोन माझ्या उशाशी, आवाज फुल, अक्काचा कॉल आला की किती पण वाजू देत मी उठवणार. अक्का दुपारी भाकरी खाताना व्हॉइस मेसेज टाकणार, म्हणजे रात्री गाडी भरण्यात गेली तरी आवाज ऐकलेला राहतो. त्याची अट एकच, मी त्याचा फोन उघडायचा नाही. मान्य केलं. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, ते दोघं घरी येईपर्यंत असंच चालवायचं, आणि तोपर्यंत पण झोप सुधरली नाही तर स्वारातीत, इथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचारच्या ओपीडीला नेईन, किंवा सरकारची मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा, टेली मानसचा १४४१६ आहे, फुकट आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणला, “मी येडा आहे का?” म्हणलं, ताप आल्यावर नेते तेव्हा विचारतोस का असं?

कमेंटांचं मात्र मला दाजींना सांगावंच लागलं, आज त्याच फोनवर, त्याला विचारून. दाजी म्हणले, लोकं बोलतेतच, त्यात काय एवढं. त्यांचं पण कळतं मला, सहा महिने पाचटात राबणाऱ्या माणसाला कुणीतरी वाहवा केली तर ती सोडवत नाही. पण अक्का मधीच म्हणली, “मी वाचल्यात त्या समद्या. सोन्याला दिसू नयेत म्हणून गप होते.” सोन्या स्पीकरवर ऐकत होता. “मम्मी, मी तुला दिसू नयेत म्हणून...” एवढं म्हणून ताट उचलून मोरीकडं गेला.

शेवटी दाजींनी कमेंट बंद करायचं कबूल केलं, ते कसं करायचं ते सोन्यानंच फोनवर एक एक बटण सांगून करून घेतलं, बापाला दोनदा झापलं पण. रील काढायला दाजी अजून तयार नाहीत, अक्का म्हणती काढा. त्याच्यावर उद्या परत जुंपणार. गणिताच्या सरांना भेटायचंय, सकाळी आधार अपडेटवाल्यांची गर्दी, त्याच्या आधीच जाऊन यावं लागंल.