वास जाईल, घाम येईल: आमची वाटचाल

आम्ही काखेत लावायचं डिओडरंट मलम बनवतो, आणि त्याच्या डबीच्या झाकणावर सुरुवातीपासून एक ओळ छापलेली आहे: ‘याने घाम थांबत नाही.’ माल ठेवायला तयार झालेले दुकानदार आधी तीच ओळ बघतात आणि ती काढा म्हणून मागे लागतात. गिऱ्हाईक बिचकेल, विक्री बसेल, असं त्यांचं म्हणणं. आम्ही ती काढलेली नाही. आमचा सगळा व्यवसाय त्या ओळीवर उभा राहिलाय, तेव्हा वाटचाल सांगायची तर तिथूनच सांगावी लागेल.

व्यवसाय आम्हा दोघींचा, माझा आणि माझ्या नणंदेचा. ती बरीच वर्षं सौंदर्यप्रसाधनांच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करायची. मी हिशेब बघणारी. मला विकतच्या डिओडरंटने काखेत खाज सुटायची, लाल चट्टे उठायचे. त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली तेव्हा दोष सुगंधी द्रव्यांचा निघाला. मग नणंदेने घरीच बिनवासाचं मलम करून दिलं. ते मला सोसलं, मैत्रिणींनी मागून नेलं, त्यांच्या ओळखीतल्या विचारत आल्या. विकायचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, आधी हे काय करतं आणि काय करत नाही ते कागदावर लिहून काढू. मग डब्या बघू.”

तो कागद लिहिता लिहिता मी घामाबद्दल पहिल्यांदा नीट शिकले. आपल्या अंगभर वीस ते चाळीस लाख एक्राइन ग्रंथी असतात. त्यांचा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, शरीर थंड ठेवण्यासाठी. काखेत त्यांच्या जोडीला अपोक्राइन ग्रंथी असतात. त्या वयात आल्यावर कामाला लागतात आणि त्यांचा स्राव जरा दाटसर, स्निग्ध असतो. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतोच. तो स्राव त्वचेवरचे जीवाणू फोडतात, आणि वास येतो तो त्यातून सुटणाऱ्या रसायनांचा. कोरिनेबॅक्टेरियम कुळातले जीवाणू आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस हे त्यातले मुख्य. थायोअल्कोहोल नावाची गंधकयुक्त संयुगं सगळ्यात उग्र, अगदी लेशमात्र असली तरी नाकाला कळतात.

त्यामुळे मुळात या धंद्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाशी मिळून घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलसारखं बूच बसवतात आणि घाम कमी होतो. डिओडरंट घामाला हात लावत नाही, फक्त वासाचा बंदोबस्त करतं. अमेरिकेत फिलाडेल्फियात १८८८ साली ‘मम’ नावाचं जे पहिलं विकतचं डिओडरंट निघालं, ते जस्ताचं संयुग घातलेलं मेणचट मलम होतं आणि बोटाने लावायचं. ॲल्युमिनियम क्लोराइडवालं ‘एव्हरड्राय’ त्यानंतर, १९०३ साली आलं. आमची डबी ही त्या जुन्या ‘मम’च्याच घराण्यातली. हे कळल्यावर मला खूप आनंद झाला होता, कारण आपण काहीतरी नवीन खूळ काढतोय ही धाकधूक गेली.

लोक नैसर्गिक डिओडरंट वापरून बघतात, दुपारी काख ओली लागते, आणि ‘हे चालत नाही’ म्हणून डबी बाजूला टाकतात. पहिल्या काळात आम्हाला येणारे बहुतेक फोन याच तक्रारीचे होते.

“ताई, घाम तर येतोच आहे.”

“येणारच. वास येतोय का?”

मग थोडा वेळ शांतता. “नाही हो, वास नाही.”

असे फोन झाल्यावर झाकणावरची ओळ आम्ही मोठ्या अक्षरात केली.

आता कृतीकडे येते. घरगुती डिओडरंटची जी कृती सगळीकडे फिरते तिच्यात खोबरेल तेल, शिया बटर, मेण, मक्याचा नाहीतर आरारूटचा स्टार्च आणि खाण्याचा सोडा असतो. स्टार्च ओल शोषतो. सोडा वासाची आम्लं मारतो आणि जीवाणूंना नको असलेलं वातावरण तयार करतो. सोडा काम करतो, यात वाद नाही. पण निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण पाचच्या आसपास (सातच्या खाली आम्ल, वर अल्क), आणि सोड्याच्या द्रावणाचा पीएच आठच्या वर जातो. रोज, तेही दाढी केलेल्या किंवा वॅक्स केलेल्या कोवळ्या त्वचेवर तो घासला की कित्येकांची काख भाजल्यासारखी होते, पुढे काळवंडते. विक्रीच्या आधी ओळखीच्यांना वापरायला दिलेल्या डब्यांतच हे दिसलं. काहींना महिनोन्‌महिने काही झालं नाही आणि काहींना आठवड्यातच चट्टे. माझ्या नणंदेचं मत स्पष्ट होतं: कुणाला सोसेल ते आधी सांगता येत नसेल, तर ती वस्तू डबीत नको.

सोड्याच्या जागी आम्ही मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घेतलं. तेही अल्कधर्मी, पण पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे त्वचेवर एकदम मारा होत नाही. त्याच्या जोडीला एरंडेलातल्या आम्लापासून बनणारं झिंक रिसिनोलिएट, जे वासाच्या रेणूंना धरून ठेवतं. कच्चा माल महाग पडला, नफा आकसला. माझ्या वहीत तो फरक लाल शाईने लिहिलेला आहे आणि तरीही मला तो निर्णय धंद्यातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो.

मलम ओतणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम. खोबरेल पंचवीस अंशांच्या आसपासच पातळ होतं, मधमाश्यांचं मेण बासष्ट-चौसष्ट अंशांना. म्हणून आधी मेण आणि तेल एकत्र वितळवायचं, आच बंद करायची, मग शिया बटर घालायचं. शिया फार तापवून सावकाश निवू दिलं तर त्यात बारीक कण धरतात. बोटाला रवाळ लागतं, लोकांना वाटतं माल खराब झाला. नंतर पावडरी चाळून घालायच्या आणि ढवळत राहायचं. पातळ असतानाच ओतलं तर पावडर तळाशी बसते, म्हणजे डबीच्या वरच्या थरात नुसतं तेल आणि खाली चिकट चुना. मिश्रण भिंतीच्या रंगासारखं दाट झालं, ढवळणीची रेघ क्षणभर वर टिकू लागली, की ओतायचं. त्यानंतर हाताशी फार वेळ नसतो, भांड्याच्या कडेने घट्ट व्हायला लागतं. प्रत्येक बॅचमधली एक डबी आम्ही सुरीने उभी कापतो आणि थर पडलेत का ते बघतो. बॅचचा क्रमांक, मालाची तारीख, ओततानाचं तापमान, सगळं वहीत. हे वहीचं वळण नणंदेने कारखान्यातून आणलं.

मेण किती घालायचं हा हवेचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात पार्सलमध्ये मलम वितळून तेल झाकणातून बाहेर येतं, थंडीत तेच नखाने खरवडावं लागतं. मेण वाढवलं की त्वचेवर ओढल्यासारखं होतं. आम्ही दोन हंगामांची दोन प्रमाणं ठेवली. एका पुरवठादाराने मलम भरायला पुठ्ठ्याच्या नळ्या पाठवल्या, त्यांना आतून तेलाला अटकाव करणारा थर नव्हता. नळ्यांवर डाग उमटले, तो माल आम्ही विकला नाही. तेव्हापासून कुठलीही नवी नळी आली की तेल भरून काही दिवस ठेवून बघतो. या मलमात पाणी अजिबात नसल्यामुळे परिरक्षक घालावं लागत नाही. पण म्हणूनच ओल्या बोटाने डबीत हात घालू नका, असं आम्ही जीव तोडून सांगतो. आत पाणी शिरलं की बुरशीला वाट मिळते.

सुगंधाबद्दल माझं मत जरा कडक आहे, कारण त्रास मी भोगलाय. वनस्पतीचं तेल आहे म्हणजे निर्धोक आहे, असं होत नाही. लॅव्हेंडरमधलं लिनालूल, लिंबूवर्गीय तेलांतलं लिमोनीन ही हवा लागून जुनी झाली की त्यांची ॲलर्जी उठवणारी संयुगं होतात. युरोपीय संघात अशा ठरावीक सुगंधी घटकांचं प्रमाण अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर गेलं की नाव लेबलवर लिहावंच लागतं. आम्ही तोच नियम स्वतःला लावून घेतला. आमची बिनवासाची डबी आधी आली, सुगंधी नंतर, आणि आजही नवीन माणसाला आम्ही बिनवासाचीच आधी देतो. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस बघायचं आणि मग काखेत.

एका मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर आली होती. आमच्या कुवतीला ती खूपच मोठी. त्यांची अट एकच, पाकिटावर कर्करोगाचा उल्लेख हवा: आमचं वापरा आणि धोका टाळा, अशा अर्थाचा. ॲल्युमिनियमच्या अँटिपर्स्पिरंटने स्तनाचा कर्करोग होतो याचा स्पष्ट पुरावा नाही, असं अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटी दोन्ही सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, अशी सूचना मात्र तिथल्या अँटिपर्स्पिरंटवर सक्तीची आहे. आम्ही हे सगळं त्यांना लिहून कळवलं. ऑर्डर हातातून गेली. घरात त्यावरून बोलणी झाली, सासऱ्यांना वाटलं हातचं घालवलं. मला आजही ती ऑर्डर घ्यायला हवी होती असं वाटत नाही. एखाद्या बाईला आजाराची भीती घालून तिच्या पर्समधली वस्तू बदलायला लावायची, हे मला करवणार नाही.

या धंद्यात भीतीचा इतिहास मोठा आहे. १९१९ साली अमेरिकेत ‘ओडोरोनो’ या घामरोधकाची जाहिरात लेडीज होम जर्नलमध्ये आली. बाईला स्वतःला कळत नाही, पण तिच्या काखेच्या वासामुळे लोक मागे बोलतात, असा तिचा रोख. जाहिरात लिहिणारे जेम्स वेब यंग. साधारण दोनशे वाचकांनी चिडून अंक घेणं बंद केलं आणि माल मात्र धडाक्याने खपला. शंभर वर्षांनी तीच युक्ती उलट्या बाजूने वापरली जाते. आधी वासाची लाज दाखवली, आता ॲल्युमिनियमची दहशत.

तुरटीचं तसंच. ‘क्रिस्टल’ म्हणून विकला जाणारा खडा ‘ॲल्युमिनियमविरहित’ या नावाखाली कित्येक ठिकाणी दिसतो. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा सल्फेट क्षार, तिच्यात ॲल्युमिनियम असतंच. तुरटी वाईट नाही, जीवाणूंवर चांगली लागू पडते, वापरणाऱ्याने खुशाल वापरावी. लेबल मात्र खरं असावं. आम्हीही खडा विकतो आणि घटकांत ॲल्युमिनियम लिहितो.

अँटिपर्स्पिरंट सोडून डिओडरंटकडे वळताना पहिले काही दिवस वास वाढतो का, हा प्रश्न सगळे विचारतात. काहींचा वाढतो. ‘शरीरातली विषं बाहेर पडताहेत’ असं सर्रास लिहिलं जातं, त्याला आधार नाही, विषं काढायला यकृत आणि मूत्रपिंड आहेत. काय घडतं त्याचा अंदाज २०१६ मधल्या एका अभ्यासातून येतो. ज्यूली होर्वाथ, रॉब डन आणि सहकाऱ्यांनी सतरा जणांच्या काखेतले जीवाणू तपासले. अँटिपर्स्पिरंट बंद केल्यावर काही दिवसांतच त्या लोकांच्या काखेतली जीवाणूंची संख्या इतरांच्या बरोबरीला आली. बूच निघतं, ओल परत येते, जीवाणू परत येतात. म्हणून आम्ही सांगतो: सुट्टीच्या दिवसांत बदला, दोन्ही वेळा साबणाने काख धुवा, पूर्ण कोरडी करा आणि मगच वाटाण्याएवढं मलम लावा. जास्त लावलं तर जास्त काम करत नाही, कपड्याला तेल तेवढं लागतं.

कपड्यांचं तर मी प्रत्येकाला सांगते. गेंट विद्यापीठातल्या क्रिस कॅलेवर्ट यांच्या गटाने २०१४ साली व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा पॉलिएस्टरचा वास सुतीपेक्षा उग्र भरला. मायक्रोकॉकस जीवाणू पॉलिएस्टरवर चांगला वाढतो. पुष्कळदा माणूस आमच्या डबीला दोष देतो आणि वास असतो तो शर्टात मुरलेला. त्याला आम्ही डबी बदलून देत नाही, सुती शर्ट घालून आठवडाभर बघा म्हणतो.

आणि काही जणांना आमची गरजच नसते. एबीसीसी११ जनुकाचा एक प्रकार ज्यांच्याकडे दोन्ही पालकांकडून आला, त्यांच्या काखेला जवळजवळ वास येत नाही. त्यांच्या कानातला मळही ओलसर न राहता कोरडा असतो. पूर्व आशियात असे लोक बहुसंख्य, युरोपात अगदी थोडे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०१३ मधल्या अभ्यासात अशा बायकांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणी तरीही डिओडरंट वापरत होत्या. एका गिऱ्हाईकाला मी कानातल्या मळाबद्दल विचारलं तेव्हा ती चकित झाली. तिने मग काही घेतलं नाही. तिची बहीण आणि दोन सहकारी मात्र तिच्याच सांगण्यावरून आले.

याउलट ज्यांचा घाम अक्षरशः निथळतो, हातातला कागद भिजतो, त्यांना आम्ही मलम विकत नाही. तो हायपरहायड्रोसिस असू शकतो, त्यावर उपचार आहेत, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा म्हणतो.

सध्या नणंद मधमाश्यांच्या मेणाऐवजी कँडेलिला या झुडपाचं मेण घालून कांडी करतेय. प्राणिज काही नको असणाऱ्यांची मागणी वाढली आहे. कँडेलिला जास्त तापमानाला वितळतं आणि कडक बसतं, त्यामुळे प्रमाण बरंच उतरवावं लागतं. आताच्या बॅचची कांडी नळीतून सरळ वर येते पण दाबली की मधूनच तुटते. यॉर्क विद्यापीठ आणि युनिलिव्हरच्या संशोधकांनी २०२० साली स्टॅफिलोकॉकस होमिनिसमधलं वास तयार करणारं एन्झाइम नेमकं ओळखलं, त्याची रचनाही मांडली. फक्त तेवढंच एन्झाइम अडवणारा, त्वचेला सोसणारा घटक बाजारात आला तर आमच्या डबीतलं अर्धं सामान काढून टाकता येईल. तो येईपर्यंत कांडीत एरंडेल थोडं वाढवून बघायचं ठरलंय, पुढची बॅच सोमवारी ओतणार आहोत.