वन्यजीव सप्ताह आणि शाळेचं पटांगण

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांत १ ते ७ ऑक्टोबरचा वन्यजीव सप्ताह म्हणजे शाळेचं दुसरं स्नेहसंमेलनच. धान लोंबीवर आलेलं, सोयाबीन कापणीला टेकलेलं, घरात एकेक हात मोलाचा. तरीही प्रभातफेरीच्या दिवशी पोरं झाडून हजर. भिंतीवर चित्रं, ओसरीत खिचडीचं आधण आणि मधोमध मंडळाच्या सतरंज्या. आज तो आठवडा आठवला की सगळ्यात आधी डोळ्यांपुढे येतात ते प्लास्टरने पांढरे झालेले हात.

वाघाच्या पावलाचा ठसा प्लास्टरमध्ये घेण्याचा कार्यक्रम सप्ताहाचा जीव होता. पाऊस नुकताच ओसरलेला, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या काठची माती ओलसर, म्हणजे ठसे उमटायला उत्तम दिवस. मुलांना जंगलात न्यायचं नाही, गावालगतच्या पांधणीवरच न्यायचं, ऊन चांगलं वर आल्यावर. पुढे गावची गुरं राखणारा ढोरकी आणि वनखात्याचा बीटगार्ड, मागे दोन मोठी माणसं. ठसा शोधायचा ढोरक्यानेच. वाघ कुठे थांबला, कुठे वळला, हे तो मातीकडे बघून सांगायचा आणि पोरं श्वास रोखून ऐकायची. वर्गात कोपऱ्यात बसणारा त्याचाच मुलगा त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे असायचा.

ठशात पडलेली पानं चिमटीने उचलायची, फुंकायची नाहीत. भोवती दोन इंच रुंद, दोन फूट लांब पत्र्याची पट्टी गोल करून मातीत हलकी दाबायची. मगात आधी पाणी, मग त्यात भुरभुरत प्लास्टर ऑफ पॅरिस, पाण्याच्या मापाने दुप्पट. घावनाच्या पिठाइतकं दाट झालं की थांबायचं. वाघाच्या एका ठशाला पाऊण ते एक किलो प्लास्टर लागतं. मिश्रण थेट ठशावर ओतलं तर बोटांच्या कडा मोडतात, म्हणून पट्टीच्या कडेने सोडायचं आणि मध्ये दोन काड्या आडव्या घालायच्या. अर्धवट घट्ट झालं की पाठीवर खिळ्याने तारीख, जागा आणि पाय डावा की उजवा ते कोरायचं. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं. त्यावर तळहात ठेवायला पोरांची रांग लागायची. अर्ध्या तासाने खालची माती खणून ठसा उचलायचा. धुवायचा मात्र दुसऱ्या दिवशी, जुन्या टूथब्रशने.

बिघडायचं ते बहुतेक प्लास्टरमुळेच. पावसाळाभर उघडी राहिलेली पिशवी ओल धरते, मग प्लास्टर घट्टच होत नाही, हातात भुगा येतो. म्हणून पिशवी नवी आणायची आणि आधी एक वाटीभर कालवून पाहायचं. फार ढवळलं तर ते मगातच बसतं.

त्यानंतर ठसे वाचायला बसायचं. वाघ-बिबट चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे ठशात नखं दिसत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तडस यांची दिसतात. चिखलात बोटं फाकतात, त्यामुळे तोच वाघ धुळीतल्या ठशापेक्षा मोठा भासतो. १९७२च्या देशव्यापी गणनेत ठशांवरूनच वाघ मोजले होते. ती पद्धत मागे पडण्यात या घोटाळ्याचाही वाटा आहे. २००६पासूनच्या गणनेत कॅमेरे आले. गुडघ्याच्या उंचीवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. असा आकडा सांगितला की पटांगणात टाळ्या पडतात आणि मागे बसलेल्या बायांच्या कपाळावर आठ्या. दोन्ही खरं आहे, आणि त्या आठ्यांसाठीही सप्ताहात जागा ठेवावीच लागते.

ती जागा नाटुकल्याची. दंडारीच्या, म्हणजे इथल्या लोकनाट्याच्या मुलखात पोरांना नाटक शिकवावं लागत नाही. विषय मोहफुलांचा. मार्च-एप्रिलमध्ये बाया भल्या पहाटे मोह वेचायला जातात. वाकलेलं, गप्प माणूस झुडपाआडून वाघाला सावजासारखं दिसतं. म्हणून चौघी-पाच जणींनी मिळून जायचं, उजाडल्यावर जायचं, एकीने उभं राहून चौफेर बघायचं आणि मोठ्याने बोलत राहायचं. झाडाखालचा पाला जाळायचा नाही, झाडून काढायचा किंवा खाली जाळी बांधायची. वणवा लागण्याचं मोठं कारण तो पालाच. हे व्याख्यानात सांगितलं तर जांभया येतात. पोरगी लुगडं नेसून आजीचं सोंग घेते तेव्हा तिची खरी आजीच मध्ये उठून चूक दुरुस्त करते. सप्ताहातले सगळ्यात मोलाचे क्षण हेच. हे सगळं दिवसाउजेडी संपवायचं. दंडार रात्रीची रंगते खरी, पण बफरच्या गावात पोरांना अंधारातून घरी पाठवायचं नाही.

म्हातारी मंडळी बसली की तारूची गोष्ट निघायचीच. वाघाशी झुंजताना गेलेला गोंड प्रमुख, त्याचाच ताडोबा देव झाला, असं सांगतात. त्याचं ठाणं तलावाकाठी आहे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने वाघांचं जंगल ओळखलं जातं, हे पोरांना फार आवडायचं.

विहिरींची यादी मात्र सप्ताहाआधीच तयार हवी, कारण २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते आणि यादी तिथेच वाचायची. सप्टेंबरअखेर सातवीची मुलं घरच्या मोठ्यांबरोबर शेतं फिरून बिनकठड्याच्या विहिरी टिपायची: मालक, गट नंबर, पाणी किती खोल, जवळून जनावराची वाट जाते का. रात्री डुकरामागे धावणारा बिबट अशाच विहिरीत पडतो. याच फेरीत सौर कुंपणाखालचं गवतही बघायचं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, डुकरं आत शिरतात आणि मग कोणीतरी तारेत थेट वीज सोडायचं मनात आणतो. त्यात वाघही मरतो आणि शेजारचा माणूसही.

ग्रामसभेत मुलगी यादी वाचते तेव्हा मालक खाली मान घालून ऐकतो आणि बहुतेक वेळा कबूल होतो. पक्का कठडा खर्चिक, म्हणून तो सध्यापुरतं बांबू आणि बोराटी, म्हणजे बोरीच्या काट्या लावतो. पण बांबू एका पावसाळ्यात कुजतो. म्हणून वाचायची ती आधी गेल्या वर्षीची यादी, मग या वर्षीची.